उठाबशांची योजना

जुन्नर,
बुधवार, सकाळचे अकरा

प्रिय हौशीराम,

माझा सलाम घे, आणि तुझा रामराम मला न मागताच मिळाला असं धरून मी पुढे जातो. इकडे मी, नूरबी, इरफान आणि सूनबाई खुशाल आहोत. खुशाल म्हणजे सगळे एकमेकांशी बोलत आहोत. (मध्यंतरी नूरबी बोलत नव्हती, त्याचं कारण पुढे येईल.) तुमच्याकडची भाताची झोडणी उरकली का? नाचणी झकास झालीय हे वहिनींनी आणून दिलेल्या पिशवीवरून कळलं. तुझा डावा गुडघा थंडीत कुरकुरतो म्हणाला होतास, तो आता कसा आहे ते सविस्तर कळव. सविस्तर म्हणतोय ते खरंच सविस्तर, कारण गेल्या पंधरा-वीस दिवसांपासून मला गुडघ्यांतलं फार कळायला लागलंय.

फोनच करणार होतो. पण तुमच्याकडे रेंज येते ती डोंगरातल्या वरच्या टेपावर. तू तिथवर चढून येईपर्यंत मी विषय विसरतो, आणि तुला दम लागलेला असतो म्हणून तूही काही बोलत नाहीस. मग दोघंही "बरं, ठेवतो" म्हणून ठेवतो. शिवाय ही गोष्ट फोनवर सांगण्यासारखी नाही. बाजाराच्या दिवशी सोनीवहिनी जुन्नरला बहिणीकडे आल्या होत्या, आणि घरी परत गेल्यावर त्यांनी तुला काय सांगितलं असेल ते मी इथे बसून सांगू शकतो: "तुमच्या दोस्तानं अख्ख्या गावाला फसिवलं." हे खरं आहे. पण अर्धं आहे. उरलेलं अर्धं तुला माझ्याकडून कळावं एवढ्यासाठी हा खटाटोप. पंचेचाळीस वर्षं मी या तालुक्यातली आणि तुमच्या आंबेगावातली शिलाई मशीनं दुरुस्त केली, तुमच्या घरी पावसात अडकून एकदा सहा दिवस जेवलो, आणि एवढ्या वर्षांत कुणाला फसवलं असेल तर ते फार तर सुताराला. (त्याच्या बायकोच्या मशीनचा पट्टा जुनाच उलटा करून बसवला होता. अजून चालतो.)

तर, आमची अलिझा तुला आठवत असेल. इरफानची थोरली. लहानपणी तुझ्या खाचरात बेडूक धरायला उतरली आणि दोन्ही चपला चिखलात ठेवून आली, तीच. आता ती पुण्यात फिजिओथेरपी शिकते, शेवटचं वर्ष. फिजिओथेरपी म्हणजे काय हे मोहल्ल्यात सांगता सांगता माझं डोकं आणखी पांढरं झालं. "म्हणजे मालिश का?" असं विचारणाऱ्या तिघांशी मी बोलणं टाकलंय. मला विचारशील तर तिचं काम आणि माझं काम एकच. मशीन गंजतं ते चालवून नाही, ठेवून गंजतं. तिचंही म्हणणं माणसाबद्दल हेच आहे, फक्त तिला ते शिकायला साडेचार वर्षं लागली आणि त्यावर परीक्षा द्यावी लागते.

त्या परीक्षेसाठी तिला एक प्रोजेक्ट करायचा होता. पासष्टीच्या पुढच्या माणसांना म्हातारपणातल्या झिजेच्या आजारांबद्दल काय ठाऊक आहे, म्हणजे सांध्यांची झीज, हाडं ठिसूळ होणं, विसरणं, तोल जाणं वगैरे, हे विचारायचं. मग चार-पाच सोप्या चाचण्या घ्यायच्या, मग हे टाळायला काय करता येतं ते सांगायचं. माणसं वीस हवीत. पुण्यात मिळाली असती, पण तिला आपल्या गावातली हवी होती. "दादाजी, वीस जण जमतील का?" असं तिनं विचारलं तेव्हा मी दाढी करत होतो. मी म्हणालो, "वीस? अगं, दोनशे आणतो." (हे वाक्य बोलताना मला कापलं, तोच इशारा समजायला हवा होता.)

हौशीराम, आठ दिवस मी जुन्नरात फिरलो. एकही माणूस तयार होईना. "आपल्याला काय झालंय?" हे एकच उत्तर. जणू मी आजाराचं आमंत्रण घेऊन आलोय. एकाला धड जिना चढता येत नाही, तो म्हणाला, "जिनाच खराब बांधलाय." एक जण माझ्यासमोर भिंत धरून उठला आणि म्हणाला, "आम्ही जुन्या काळचं तूप खाल्लेली माणसं." तिसऱ्याला ऐकूच गेलं नाही, तो मला लग्नाचं आवतण समजून हो म्हणाला. शनिवारी दुपारपर्यंत माझ्या यादीत तो एकटाच होता, आणि शाळा रविवारी मोकळी असते म्हणून तिथला हॉल मिळाला होता, तो दुसऱ्या दिवशी सकाळी दहाचा.

तेवढ्यात रामनाथ भेटला. शाळेत कारकून होता, आता रिटायर झालाय, पेठेहून इकडे येऊन राहिलाय, तोच. त्याला मी सगळं समजावून सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "आधार कार्ड आणायचं का?"

मी नाही म्हणायला हवं होतं. "नाही" हा केवढासा शब्द! पण राव, मी म्हणालो, "असलेलं बरं."

बस. माझा सगळा गुन्हा या दोन शब्दांचा आहे. मी योजना म्हणालो नाही, अर्ज म्हणालो नाही, सरकारचं नाव काढलं नाही. पण कारकुनी केलेल्या माणसाला "असलेलं बरं" म्हटल्यावर त्यात काय काय ऐकू येतं ते तुला काय सांगू. संध्याकाळपर्यंत माझ्याच दुकानावर एक बाई इरफानला विचारून गेली की झेरॉक्स एक लागते की दोन. आणि मी काय केलं? मी गप्प बसलो. मनात म्हटलं, एकदा आत येऊन बसू देत, मग पोरगी बोलेल ते ऐकतीलच.

रविवारी सकाळी साडेनवाला हॉलपुढे दीडशे माणसं होती. आणे गावाहून एक जीप भरून आली होती. प्रत्येकाच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी: आधार, रेशनकार्ड, पासबुक, फोटो दोन. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याची शाई संपली, तो माझ्याकडे पाहून हात हलवत होता. अलिझा रिक्षातून उतरली, गर्दी पाहिली आणि माझा हात धरून म्हणाली, "दादाजी, आपल्या गावात तब्येतीबद्दल एवढी जागरूकता! मॅडमना खरं वाटणार नाही." तिचा चेहरा इतका उजळला होता की तो विझवणं मला जमेना. सांगेन म्हटलं, चहाच्या वेळेला सांगेन.

आता ऐक. योजना आहे म्हटल्यावर माणूस कसा वागतो? जेवढा जास्त पांगळा तेवढं नाव वर, हे कुणी कुणाला सांगावं लागत नाही. अलिझानं प्रश्न सुरू केले. गुडघे दुखतात? दोन्ही. कंबर? तीही. गेल्या वर्षात कधी पडलात का? इथे तर चढाओढच लागली. तिच्या कागदांवर विश्वास ठेवला तर जुन्नरचा म्हातारा महिन्यातून सरासरी नऊ वेळा पडतो, आणि पडतानाच चक्कर येते. आण्याच्या भिकाजवळ एक काठी होती. ती काठी मी स्वतः अकरा माणसांच्या हातात पाहिली. एकाचा नंबर झाला की पुढच्याला. रामनाथला तिनं विचारलं, "आजोबा, अलीकडे विसरायला होतं का?" तो म्हणाला, "पोरी, मला माझं नावसुद्धा आठवत नाही." आणि मग खाली बापाच्या नावासकट झोकदार सही ठोकून, खात्याचा चौदा आकडी नंबर न बघता लिहून दिला.

चाचण्या तर विचारू नकोस. खुर्चीवर बसायचं, हात छातीवर घडी करून ठेवायचे, आणि तीस सेकंदांत जितक्या वेळा उठता येईल तितक्या वेळा उठायचं. दहा-बाराच्या आत आलं तर पायांतली ताकद कमी झालीय, पडायचा धोका आहे, असा त्याचा साधारण हिशोब. आमच्या लोकांनी काय करावं? कुणी एकदाच उठला आणि "या अल्ला" म्हणून बसला. कुणी उठलाच नाही. एकानं तर खुर्चीवर बसायलाच दोन माणसं मागितली. (हा रोज पहाटे किल्ल्याच्या पायथ्यापर्यंत जाऊन येतो.) अलिझाचा चेहरा उतरत चालला. ती व्हरांड्यात गेली आणि तिच्या मॅडमना फोनवर हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, इथली परिस्थिती फार गंभीर आहे." ते ऐकून मला हसूही येईना आणि रडूही.

आणि नेमक्या अशा वेळी तुमच्या सोनीवहिनी नाचणीची पिशवी डोक्यावर घेऊन मला शोधत हॉलमध्ये आल्या. दुकानात इरफाननं सांगितलं होतं की अब्बा शाळेत आहेत. त्यांना योजनेबिजनेचं काही ठाऊक नव्हतं. अलिझानं त्यांना पाहिलं, "आजी, या ना, बसा" म्हणाली, पिशवी उतरवून घेतली आणि खुर्ची दिली. वहिनींनी पदर खोचला, हात छातीवर घेतले आणि पोरीनं "सुरू" म्हटल्याबरोबर राव, मशीनचं पायडल चालावं तशा त्या उठू-बसू लागल्या. मी मोजत होतो. एकोणीस!

"थांबा आजी, वेळ संपली."

"एवढंच व्हय?" वहिनी म्हणाल्या. "लावनीला दिसभर ह्येच तर असतं. फकस्त खुर्ची नसती."

मग एका पायावर उभं राहायची चाचणी. त्या उभ्या राहिल्या आणि पोरीला विचारायला लागल्या, बाजारात वांगी काय भाव आहेत म्हणून. एका पायावर! भिकाला ते पाहवेना. तो पुढे वाकून कळकळीनं म्हणाला, "अवो बाई, आसं नका करू. नाव कटंल तुमचं."

"कशातून कटंल?"

"योजनेतून."

"कसली योजना?"

तुझ्या बायकोचा आवाज तुला ठाऊक आहे. या डोंगरावरून त्या डोंगरावरच्या गुरांना हाक मारून वाढलेला आवाज तो. सगळा हॉल वळून बघायला लागला. मग रामनाथ उठला (काठीशिवाय, ताडकन) आणि अलिझाला म्हणाला, "ताई, ज्येष्ठांच्या योजनेचे फॉर्म भरताय ना तुम्ही? हनीफभाईंनी आधार आणायला सांगितलं म्हणून तर आलो."

अलिझानं माझ्याकडे पाहिलं. "दादाजी, तुम्ही सांगितलंत?"

"मी फक्त 'असलेलं बरं' म्हणालो," मी म्हणालो. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये ते फारच लहान ऐकू आलं.

पुढची पाच मिनिटं मी तुला लिहीत नाही, कारण त्यात जे शब्द वापरले गेले ते पोस्टानं पाठवता येत नाहीत. झेरॉक्सचे पैसे, जीपचं भाडं, एकाची तर रविवारची दाढी बुडाली होती, सगळं माझ्या डोक्यावर. ते मी ऐकून घेतलं. पोरीनं मात्र टेबलावरचे सगळे कागद गोळा केले, कडा नीट जुळवल्या, वरच्या कागदावर पेनानं आडवी रेघ मारली आणि गठ्ठा पिशवीत टाकला. सकाळपासूनचं काम. ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं. मी सगळ्यांसमोर उभा राहिलो आणि म्हणालो, चूक माझी आहे, योजना नाही, काही मिळणार नाही, पोरीला यातलं काही ठाऊक नव्हतं, माझी वीस माणसं जमत नव्हती आणि मला लाज वाटत होती. हे बोलायला मला किती वेळ लागला ते मला माहीत नाही. पण ते झाल्यावर अलिझा माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि लोकांना म्हणाली, "ज्यांना जायचंय त्यांनी जा, मी माफी मागते. थांबतील त्यांनी मला खरं सांगायचं. मला एवढंच हवंय."

लोक चपला शोधायला लागले. आणि दारात सोनीवहिनी. हात कमरेवर.

"पोरीनं काय खोटं सांगितलं तुमास्नी? खोटं बोलला त्यो हनीफभाऊ. त्याच्याकडं मागनं बघा, मी बी बघते. पर मगाधरनं एकाला बी खुर्चीवरनं उठता आलं न्हाई, त्ये तर मी खिडकीतनं बघितलं. खरंच येत न्हाई व्हय?" आणि मग, दारातून न हलता, "म्हातारी बाई एकोनीस डाव उठली, आन् ह्ये बाप्ये घरला निघाले."

हौशीराम, माणसाला आजाराची भीती घालून जे होत नाही ते असल्या एका वाक्यानं होतं. दीडशेतले चौतीस जण परत फिरले. आणि आता सगळं उलटं. मगाशी ज्यांना खुर्चीवरून उठवत नव्हतं ते आता बाह्या सरसावून रांगेत. भिकानं काठी खिडकीबाहेर ठेवली. रामनाथनं तर चौदा उठाबशा काढल्या, पंधराव्या खेपेला त्याच्या पोटरीत गोळा आला आणि तो "आई गं" करून खालीच बसला. अलिझानं त्याचा पाय धरला, टाच पुढे, बोटं वर, हळूहळू ताण दिला. गोळा सुटला. पण रामनाथ उठेना. बसल्या बसल्या खाली मान घालून म्हणाला, "ताई, मगाशी नऊ वेळा पडतो म्हणालो ते खोटं. दोन वेळा पडलो. मोरीत. घरी मुलाला सांगितलं नाही. सांगितलं की मग एकट्याला बाहेर सोडत नाहीत."

ते ऐकून एक-एक जण खरं बोलायला लागला. भिका म्हणाला, पायऱ्यांची भीती वाटते म्हणून दोन वर्षं देवळात गेलो नाही, घरी सांगतो की माझा देवावरचा विश्वास उडाला. लग्नाचं आवतण समजून आलेला तो म्हातारा म्हणाला, ऐकू येत नाही म्हणून मी नुसता मान हलवतो, आणि माणसं मला हुशार समजतात. सगळे हसले, तोही हसला, पण अलिझानं ते लिहून घेतलं आणि त्याला सांगितलं की कान तपासून घ्या, कानाचं मशीन लावायला लाजू नका. ऐकणं बंद झालं की माणूस बोलणं बंद करतो, आणि मग डोकंही हळूहळू दुकान आवरायला लागतं.

मग तिनं जे सांगितलं ते मी तुला थोडक्यात सांगतो, कारण तुझा गुडघा. दुखतं म्हणून बसून राहायचं नाही. बसलं की मांडीचे स्नायू जातात, आणि मग सगळा भार बिचाऱ्या गुडघ्यावर. रोज चालायचं, आणि खुर्चीवरून दहा वेळा उठायचं, सकाळी आणि संध्याकाळी. मोरीत धरायला दांडा लावायचा. बीपी आणि साखर काही होत नसतानाच तपासायची, कारण होतं तेव्हा उशीर झालेला असतो. हुलगे, नाचणी, अंडं, दूध, जे परवडेल ते, पण म्हातारपणी नुसत्या चहा-खारीवर राहायचं नाही. (इथे दहा-बारा माना खाली गेल्या.) आणि तंबाखू बंद. हे ती म्हणाली तेव्हा सोनीवहिनी मोठ्यानं म्हणाल्या, "आमी न्हाई बाई तंबाखू खात. मिसरी लावतो फकस्त." अलिझा त्यांच्याजवळ जाऊन बसली आणि मिसरी कशाची असते ते विचारलं. वहिनी म्हणाल्या, तंबाखू भाजून करत्यात. मग कमरेची डबी काढून तिच्याकडे बघत राहिल्या. त्यांची डबी आता माझ्या दुकानात, दोऱ्याच्या खोक्यात आहे. त्यांनी स्वतः दिली. तुला सांगणार नाहीत, म्हणून मी सांगतो. पण मी सांगितलं असं सांगू नकोस, आणि आणखी आठ-पंधरा दिवस त्या चिडचिड करतील तर उलट बोलू नकोस.

तेवढ्यावर निघालो असतो तर ही गोष्ट हसतखेळत संपली असती. शेवटी हातांची चाचणी होती. अलिझानं सहा बटणांचं एक जाकीट आणलं होतं; ते घालून बटणं लावायची, ती वेळ मोजणार. मला वाटलं, दिवसभर नाक कापलं गेलंय, इथे तरी थोडं परत मिळवावं. मी पुढे झालो. अरे, ज्यानं शटलचा स्क्रू नखानं बसवला, अंधारात सुई बदलली, त्याला बटणाचं काय कौतुक? पहिलं बटण लागलं. दुसऱ्याला उजव्या हाताची बोटं काजाशेजारी जाऊन थांबली. मी सांगत होतो, ती ऐकत नव्हती. हात जड, जणू दुसऱ्याचा. लोक हसायला लागले, मीही म्हणालो, "रेडीमेडची काजंच लहान करतात हल्ली." सगळे आणखी हसले. अलिझा हसली नाही. तिनं घड्याळ बंद केलं आणि उरलेली बटणं स्वतः लावून दिली, वरपासून खालपर्यंत, सावकाश. मी तिला शाळेत सोडायचो तेव्हा मी लावायचो तशी.

घरी आल्यावर तिनं मला एक कोरा कागद दिला आणि एकच वाक्य दहा वेळा लिहायला सांगितलं. पहिली ओळ माझी होती. अक्षर बारीक होत होत दहावी ओळ मुंग्यांची झाली. मग तिनं विचारलं, वास येतो का नीट? तेव्हा नूरबी स्वयंपाकघरातून बाहेर आली. कारण मध्यंतरी एकदा दूध करपलं, त्या दिवशी मी चुलीपासून दोन हातांवर बसून पेपर वाचत होतो, आणि मला काहीच कळलं नव्हतं. ती समजत होती, मी मुद्दाम उठलो नाही. चार दिवस त्यावरून अबोला. आता ती नुसती दारात उभी राहिली. अलिझा म्हणाली, "मी डॉक्टर नाही, मी नाव देणार नाही. पण मेंदूच्या डॉक्टरांना दाखवायचं. कंपवात असला तरी लवकर कळला तर औषधानं आणि व्यायामानं माणूस वर्षानुवर्षं आपलं आपण करतो. दादाजी, हे कधीपासून आहे?"

हौशीराम, एक वर्षापासून आहे. इरफानला मी दुकान दिलं तेव्हा म्हणालो होतो, तुझे दिवस आहेत, मी आता आराम करतो. सगळ्यांना वाटलं, बाप मनानं मोठा आहे. खरं म्हणजे मला सुईत दोरा जात नव्हता.

असो. अलिझाचा प्रोजेक्ट झाला. चौतीस खरे कागद घेऊन ती पुण्याला गेली. मॅडमनी विचारलं म्हणे, आधीचे एवढे कागद रद्द का? तिनं खरं सांगितलं. मॅडम इतक्या हसल्या की त्यांना खुर्चीवरून उठता येईना. शाळेच्या हॉलमध्ये आता दर रविवारी दहा-बारा जण जमतात, रामनाथ हजेरी घेतो (कारकून तो कारकूनच) आणि उठाबशा मोजताना स्वतःच्या दोन जास्त मोजतो. लोक माझ्याशी बोलायला लागलेत. फक्त रस्त्यात भेटलो की विचारतात, "काय हनीफभाई, आधार आणू का?" हे मी मरेपर्यंत चालणार, त्याला इलाज नाही.

बाकी सर्व ठीक. थंडी सोसवेल इतकीच आहे. टेपावर चढताना हातात काठी घे, लाजू नकोस. वहिनींना सलाम, नातवंडांना माझ्या वाटणीचा एक-एक धपाटा. माया आहे तशी राहू दे, यापेक्षा जास्त मागत नाही.

तुझा,
महंमद हनीफ

ता. क. अक्षर मोठं आहे म्हणून मी तुला आंधळा समजतो असं वाटून घेऊ नकोस. अलिझानं रोज एक पान मोठ्या अक्षरात लिहायला सांगितलंय, बोटांचा व्यायाम. तेव्हा हे पत्र खरं म्हणजे पाच दिवसांचा व्यायाम आहे. वरचा बुधवार पहिल्या दिवसाचा, आज रविवार. तू उत्तर लिहिलंस तर मलाही पुन्हा लिहावं लागेल, म्हणून लिही.

ता. क. दुसरा. मूळ मुद्दा राहिलाच. येत्या सोळा तारखेला, मंगळवारी, पुण्याला मेंदूच्या डॉक्टरांची वेळ मिळालीय. इरफान येतो म्हणतो, पण आईच्या मोतीबिंदूच्या वेळी त्यालाच सलाईन लावायची पाळी आली होती. अलिझाची त्या दिवशी परीक्षा आहे. तू चल. तुला तिथे काही करायचं नाही, नुसतं शेजारच्या खुर्चीत बसायचं, आणि डॉक्टर जे सांगतील ते ऐकून घ्यायचं, कारण मला त्या वेळी ऐकू येईल असं वाटत नाही. सोमवारी संध्याकाळच्या गाडीनं ये, रात्री आमच्याकडे मुक्काम. नूरबीला तारीख सांगितलेली नाही. ती उगाच जीवाला लावून घेईल. तिला म्हणालोय, मंगळवारी मशीनचे सुटे पार्ट आणायला पुण्याला चाललोय.

ता. क. तिसरा. पाकिटावरचा पत्ता लहान जागेत मला जमेना, म्हणून नूरबीला लिहायला दिला. तिनं पाकिटाबरोबर पत्रही वाचलं, पहिल्यापासून. मला वाटलं आता पुन्हा अबोला. ती चष्मा पुसत म्हणाली, "सोळा तारखेला मी पण येते. तुमचेच पार्ट बघायचेत ना? मग पसंत मला पण करू द्या." तेव्हा तू नाही आलास तरी चालेल असं मी लिहिणार होतो. पण ती शेजारी उभी राहून सांगते आहे की लिहा, हौशीरामभाऊंनी यायचंच, तिघांचा डबा होईल, आणि गाडीत खिडकीची जागा तिची.